गॉटलंड बेटावरचे पहिले वर्ष : भाडेकरार, पर्सूननुम्मर आणि मिडसोम्मार

स्वीडनला जाणारी मराठी माणसे बहुधा स्टॉकहोम, गोथेनबर्ग किंवा मालमोला जातात. तिथे आधीच पोहोचलेल्या कुणाचा तरी दूरध्वनी क्रमांक मिळतो आणि निम्मे काम होऊन जाते. आमचे तसे झाले नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम केलेल्या माझ्या नवऱ्याला २०२२ च्या सुरुवातीला गॉटलंडवरच्या कामाचा दोन वर्षांचा करार मिळाला. हे स्वीडनचे सर्वांत मोठे बेट आहे, बाल्टिक समुद्रात आहे आणि तिथली लोकसंख्या साठ हजारांच्या थोडी वर आहे, एवढीच माहिती त्या वेळी आमच्याजवळ होती. आता तिथे वर्ष पूर्ण झाले आहे. या वर्षात जी कामे करावी लागली, ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे मागून येणाऱ्याला थोडा अंदाज येईल.

सुरुवात मार्चमध्ये अर्जाने झाली. नवऱ्याच्या वर्क परमिटबरोबरच माझा सहकुटुंब वास्तव्याचा अर्ज मिग्रेशन्सवेर्केट या स्वीडनच्या स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर भरला. माझ्या अर्जाचे शुल्क १,५०० क्रोनर होते. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. त्याशिवाय आम्ही मूळ दाखल्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टील मोहोर घेऊन ठेवली. या कामाला मुंबईत दोन हेलपाटे पडले. पण पुढे स्वीडनमध्ये नाव नोंदवताना हाच कागद सर्वांत आधी मागितला गेला, त्यामुळे तो सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावा. जुलैअखेर परवानगी आली आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो.

स्टॉकहोमहून नीनेसहामन बंदरापर्यंत लोकल गाडीने सुमारे तास लागतो आणि तिथून गॉटलंडवरच्या व्हिसबी शहरापर्यंत बोटीला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. बोट मोठी आहे, आत उपाहारगृह आहे आणि दोन माणसांचे चार बोजे सहज मावतात. मात्र गाडी आणि बोट यांच्या वेळांमध्ये भरपूर अंतर ठेवून तिकिटे काढावीत, कारण बोट चुकली तर पुढच्या बोटीसाठी अनेक तास बंदरावर बसून राहावे लागते.

घराचा विषय मात्र थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण बेटावरचे सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात गॉटलंडवर पर्यटकांची एवढी गर्दी होते, की घरमालकांना जून ते ऑगस्टमध्ये आठवड्याच्या हिशेबाने घर देणे फार फायद्याचे ठरते. त्यामुळे व्हिसबीत भाड्याने मिळणारी बरीच घरे सप्टेंबर ते मे एवढ्याच काळासाठी असतात, आणि तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दर उन्हाळ्यात बाडबिस्तरा उचलावा लागतो. आम्हाला मिळालेले घर असेच होते : जुन्या शहराच्या तटबंदीच्या उत्तर वेशीबाहेर, म्हणजे नॉर्डरपोर्टच्या पलीकडे, एक खोली आणि स्वयंपाकघर, भाडे आठ हजार क्रोनर आणि अनामत एका महिन्याची. करार करताना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. एक, करार बारा महिन्यांचा आहे की नाही; आणि दोन, त्या पत्त्यावर तुमच्या नावाची अधिकृत नोंद करायला मालकाची हरकत आहे का. दुसऱ्या प्रश्नाला जो मालक आढेवेढे घेतो, त्याचे घर कितीही चांगले असले तरी घेऊ नये.

ही नोंद म्हणजेच पर्सूननुम्मर, म्हणजे स्वीडनमधला वैयक्तिक ओळख क्रमांक, मिळवण्याची पहिली पायरी. स्वीडनमध्ये किमान वर्षभर राहणार असाल, तर स्काट्टेवेर्केट या कर खात्याकडे नोंदणी करून हा क्रमांक मिळतो, आणि त्याच्याशिवाय तिथे जवळजवळ काहीही करता येत नाही. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघे व्हिसबीतल्या सेवा कार्यालयात पासपोर्ट, वास्तव्याची कार्डे, नोकरीचा करार, भाडेकरार आणि तो विवाहाचा दाखला घेऊन गेलो. काम अर्ध्या तासात झाले. मराठी नावांच्या बाबतीत इथे एक गंमत होते. माझ्या पासपोर्टमध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात माझे आणि नवऱ्याचे नाव एकापाठोपाठ छापलेले आहे, आणि स्वीडिश नोंदवहीत ती दोन्ही मिळून माझी पहिली नावे ठरली. त्यांतले हाक मारण्याचे नाव कोणते, हे नोंदवण्याची सोय आहे आणि ती लगेच वापरावी. माझी ती नोंद होईपर्यंत दवाखान्यातली परिचारिका मला नवऱ्याच्या नावासकट पुकारत असे आणि मग दुसरे कुणी उठते आहे का, म्हणून इकडेतिकडे पाहत असे.

क्रमांक पत्राने येतो, आणि पत्र दारावर किंवा टपालपेटीवर नाव असेल तरच टाकले जाते. घरमालकाच्या नावाखाली आपले नाव कागदावर लिहून चिकटवणे हे पहिल्या दिवशीचे काम समजावे. आमचे पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. त्यानंतर ओळखपत्राचा अर्ज केला. त्या वेळी ४०० क्रोनर आधी भरावे लागले. कार्यालयात फोटो काढतात, सही घेतात आणि भिंतीजवळ उभे करून उंचीही मोजतात. कार्ड नोव्हेंबरच्या मध्यावर हातात आले, मग बँकेत खाते उघडले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बँकआयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचे साधन, सुरू झाला. थोडक्यात, ऑगस्टअखेर उतरलेली माणसे डिसेंबरमध्ये व्यवहाराच्या दृष्टीने पूर्ण झाली. तोपर्यंत दुकानात आणि बसमध्ये भारतीय कार्ड चालले. पण स्विश नावाचे भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याचे साधन नसल्यामुळे जुन्या वस्तूंच्या बाजारात नुसते पाहत फिरावे लागले. तिथे रोख पैसे घेणारे फार थोडे भेटतात. या तीन महिन्यांना पुरेल एवढी तजवीज भारतातूनच करून यावे. पर्सूननुम्मर मिळाल्याचा एक खास बेटावरचा लाभही आहे : गॉटलंडवर नाव नोंदलेल्या रहिवाशांना बोटीचे तिकीट कमी दरात मिळते.

स्वीडिश भाषेचा एसएफआय हा वर्ग सर्वांना विनामूल्य असतो. पदवीधरांना सहसा तिसऱ्या मार्गात घालतात आणि त्यात सी व डी असे दोन टप्पे असतात. माझा वर्ग नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. भाषा येण्यापूर्वीही त्या वर्गाचा मोठा उपयोग झाला, कारण बेटावरच्या बहुतेक गोष्टी लेखी कुठे सापडत नाहीत, त्या कुणीतरी सांगाव्या लागतात. अंधार पडल्यावर कोटाला लटकवायचा चमकणारा बिल्ला हवा, नाहीतर मोटारवाल्यांना आपण दिसत नाही, हे मला तिथेच कळले. सामाईक धुलाईखोलीत आपण आरक्षित केलेली वेळ संपण्यापूर्वी यंत्राच्या गाळणीतला धुरळा काढून ठेवायचा असतो, हेही तिथेच.

दिवाळीत, म्हणजे २४ ऑक्टोबरला, आम्ही खिडकीत कागदी आकाशकंदील लावला. खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांच्याशी तोवर फक्त मान हलवण्याइतकी ओळख होती, दुसऱ्या दिवशी दार वाजवून अगदी सौम्यपणे सांगू लागल्या, की अॅडव्हेंटला, म्हणजे नाताळाआधीच्या पर्वाला, अजून महिना आहे. तिथे अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी घरोघरी खिडकीत कागदी तारा आणि विजेच्या मेणबत्त्यांची दिवली लागते, त्यामुळे त्यांना आम्ही घाई केली असे वाटले. त्यांना चकली आणि रव्याचा लाडू दिला. लाडू त्यांनी कॉफीबरोबर बशीत ठेवून सुरीने कापून खाल्ला. त्या दिवसापासून आमच्याकडे टपालातली अवघड पत्रे वाचून दाखवणारे हक्काचे माणूस झाले.

३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबरच्या दरम्यान येणाऱ्या शनिवारी, म्हणजे सर्व संतांच्या दिवशी, स्मशानभूमीत प्रत्येक थडग्यापाशी मेणबत्ती लावतात. बेटावर मध्ययुगातली नव्वदाहून अधिक चर्चे आजही उभी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आवारात ही दिव्यांची आरास असते. आपण परके आहोत म्हणून जाऊ नये असे काही नाही. गप्प राहून चालायचे, एवढेच. १३ डिसेंबरला लुसियाचा सण येतो. डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेली मुलगी, मागे पांढरे झगे घातलेली मुले, केशराचे पिळदार पाव. गॉटलंडवर केशराचे प्रेम त्याहीपुढे जाते. भाताची दुधात शिजवलेली खीर, केशर, बदाम आणि अंडी एकत्र करून भट्टीत भाजतात आणि तिचा चौकोनी तुकडा साल्मबेर नावाच्या निळसर काळ्या रानफळांच्या मुरंब्याबरोबर आणि फेटलेल्या सायीबरोबर वाढतात. वर्णन ऐकून आपल्याला वाटते की हा तर घरचा केशरीभात. प्रत्यक्षात पहिल्या घासाला तो खरवसासारखा लागतो आणि आंबट मुरंब्याशिवाय अपुरा वाटतो. बेटावरच्या कॅफेंमध्ये तो वर्षभर मिळतो.

डिसेंबरात दिवस साधारण साडेसहा तासांचा असतो. बर्फापेक्षा वारा त्रास देतो, कारण बेट सपाट आहे आणि वाऱ्याला अडवणारे काही नाही. महागड्या जाड कोटापेक्षा वारा न शिरणारा साधा कोट आणि आत लोकरीचे दोन थर अधिक कामाला येतात. वादळ आले की बोट रद्द होते. जानेवारीत आम्ही मुख्य भूमीवर जाण्याचा बेत केला होता, तो असाच बारगळला, आणि शेजाऱ्यांना त्याचे काहीच आश्चर्य वाटले नाही. मुख्य भूमीवरच्या कुठल्याही महत्त्वाच्या कामासाठी, विशेषतः मोठ्या रुग्णालयातली तपासणी किंवा विमान असेल तेव्हा, हिवाळ्यात एक दिवस आधी निघावे.

माझे मत असे झाले आहे, की बेटावर राहायला यायचे तर हिवाळ्याच्या तोंडावरच यावे. उन्हाळ्यात इथल्या माणसांना क्षणाची फुरसत नसते. हिवाळ्यात त्यांच्याकडे वेळ असतो आणि नवा चेहरा लक्षात राहतो. भाषेच्या शिक्षिकेच्या सुचवण्यावरून मी फेब्रुवारीत बेटाच्या दक्षिण भागातल्या एका हेमबिग्ड्सफोरेनिंगची सभासद झाले. गावाचा वारसा जपणारी अशी मंडळे स्वीडनभर आहेत आणि त्यांची वार्षिक वर्गणी अगदी किरकोळ असते. सभेत मला अर्ध्याहून अधिक कळत नसे, पण जुन्या छायाचित्रांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावायला भाषा फारशी लागत नाही, आणि प्रत्येक जण आळीपाळीने काहीतरी भाजून आणत असल्यामुळे कॉफीच्या वेळी बोलणे आपोआप सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमधल्या एका मंगळवारी वेलचीच्या पावात बदामाचा लगदा आणि साय भरलेला सेम्ला खायचा असतो. वेलची पाहून मला भरून आले, हे कबूल करायला हरकत नाही.

या मंडळामुळेच आम्हाला दुसरे घर मिळाले. मे अखेर व्हिसबीचे घर सोडायचे होते, तर एप्रिलमध्ये एका सभासदाने आपल्या ओळखीतून हेमसे गावात बारा महिन्यांच्या करारावर दोन खोल्या मिळवून दिल्या. हेमसे व्हिसबीपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, भाडे कमी आहे आणि नेसउद्देनच्या पवनचक्क्या तिथून जवळ असल्यामुळे नवऱ्याचा प्रवासही वाचला. पत्ता बदलल्यापासून आठवड्याच्या आत नोंद करावी लागते; बँकआयडी असल्यावर हे काम घरबसल्या होते.

वसंत ऋतू इथे हळूहळू येतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी डोक्याला रुमाल बांधून, गाल रंगवून चेटकिणी झालेल्या मुली दारात आल्या आणि चित्र देऊन खाऊ घेऊन गेल्या. घरात गोळ्या आणून ठेवाव्यात. ३० एप्रिलला वालबोरीची संध्याकाळ असते. वर्षभर छाटलेल्या फांद्यांचा ढीग पेटवतात आणि गारठ्यात उभे राहून वसंताची गाणी म्हणतात. मेमध्ये मंडळाचा साफसफाईचा दिवस होता, त्याला प्रत्येकाने दाताळे आणि स्वतःचा कॉफीचा थर्मास आणायचा होता. आवारात मेंढ्यांसाठीचे एक जुने खोप आहे, ते आग नावाच्या पाणगवताने शाकारलेले आहे. त्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात, म्हणून हातमोज्यांशिवाय कुणी त्यांना हात लावत नाही. पूर्वी छप्पर शाकारायला सगळी आळी जमत असे आणि घरधन्याने सर्वांना जेवण आणि घरी गाळलेले द्रिका नावाचे पेय द्यायचे, असा रिवाज होता. धुरावर वाळवलेले माल्ट आणि जुनिपरच्या डहाळ्या वापरून केलेले हे द्रिका अजूनही घरोघरी होते. मी घोटभर चाखले. चुलीच्या धुराचा वास आणि गोडसरपणा एकदम येतो.

याच सुमारास रस्त्याकडेला शतावरी, बटाटे, अंडी ठेवलेली मांडणी दिसू लागतात. विकणारा नसतो, फक्त पाटीवर भाव आणि स्विशचा क्रमांक असतो. आणि याच सुमारास पाण्याचीही सूचना येते. बेट चुनखडीचे आहे, माती पातळ आहे, पाणी धरून राहत नाही. त्यात पर्यटक वाढतात. म्हणून बागेला नळाचे पाणी घालायला उन्हाळ्यात बंदी असते, आणि अलीकडच्या काळात समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रकल्पही उभारावे लागले आहेत. कोकणातल्या जांभ्या दगडावर वाढलेल्या मला यात नवे काही वाटले नाही. तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालताना शेजारणीने पाहिले आणि तिनेही तसेच सुरू केले.

मिडसोम्मार, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला सण, त्याची पूर्वसंध्या २०२३ मध्ये २३ जूनला, शुक्रवारी होती. सकाळी दहाला मंडळाच्या आवारात जमायचे होते. लांबलचक खांब ओंडक्यांवर आडवा ठेवला होता, त्याला आडवी काठी आणि दोन्ही बाजूंना दोन मोठी वर्तुळे होती. लोक मोटारींच्या मागच्या कप्प्यातून पाल्याच्या मोळ्या आणि फुलांच्या बादल्या काढत होते. मी रस्त्याकडेची लाल खसखशीची फुले तोडून नेली होती. एका आजोबांनी ती पाहून मान हलवली, कारण ती तोडल्यावर तासाभरात मान टाकतात. त्यांनी माझ्या हातात निळ्या ब्लोएल्डच्या आणि पांढऱ्या डेझीच्या जुड्या दिल्या. जुड्या टोकाकडून बुडाकडे बांधत यायचे, म्हणजे वरच्या जुडीचे देठ खालच्या जुडीखाली झाकले जातात. सुतळीचा फेरा आणि गाठ मला वळेसर गुंफायच्या सवयीने लगेच जमली आणि दहा मिनिटांत एक वर्तुळ पूर्ण माझ्याकडे सोपवण्यात आले. ब्लोएल्डची लव हाताला खाजते. तिथेही हातमोजे न्यावेत.

दुपारी खांब उभा केला. दोन-दोन काठ्या वर बांधून केलेल्या कैच्यांनी माणसे खांब रेटत होती, एक जण आकडे म्हणत होता आणि प्रत्येक आकड्याला खांब हातभर वर जात होता. मग व्हायोलिन आणि अकॉर्डियन सुरू झाले आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे खांबाभोवती फेर धरून बेडकासारख्या उड्या मारू लागले. पावसाची एक सर आली, कुणी थांबले नाही. जेवणात मुरवलेली हेरिंग, शेपू घातलेले नवे बटाटे, आंबट साय आणि शेवटी स्ट्रॉबेरी. मुरवलेली हेरिंग गोड असते, त्यासाठी मनाची तयारी ठेवावी. फेर सर्वांना खुला असतो, आमंत्रणाची गरज नसते. त्यानंतरचे जेवण मात्र घरचे असते आणि आमंत्रण आले तरच जायचे. बस त्या दिवशी फारच तुरळक असते आणि दारूची सरकारी दुकाने बंद असतात, म्हणून सगळी तयारी गुरुवारपर्यंत करावी.

त्यानंतर बेट पाहुण्यांचे होते. जूनच्या शेवटी राजकीय सभांचा आल्मेदालेन सप्ताह, जुलैत स्टोंगा गावात १९२४ पासून चालत आलेले स्टोंगास्पेलेन हे गॉटलंडच्या जुन्या खेळांचे सामने, ऑगस्टमध्ये १९८४ पासून भरणारा मध्ययुगीन सप्ताह. स्टोंगाला मी वार्पा पाहिला : चपटी चकती लांबून फेकून जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या जास्तीत जास्त जवळ पाडायची. पाहायला अगदी सोपे वाटते. मंडळाच्या संध्याकाळच्या सरावाला नवख्यांनाही घेतात, आणि मी आता तिथे जाते. या दोन-अडीच महिन्यांत कुणी नातेवाईक येणार असतील, तर बोटीची तिकिटे वसंतातच काढावीत. नवऱ्याचे आईवडील म्हणूनच सप्टेंबरमध्ये आले, त्यांना बोटही मिळाली, गर्दीही लागली नाही आणि शेजारच्या फोरो बेटावरचे समुद्राने कोरलेले चुनखडीचे सुळके निवांत पाहता आले. तिकडे नेणारी फेरी विनामूल्य आहे.

आता हातात राहिलेले काम वाहन परवान्याचे. भारतीय परवाना स्वीडनमध्ये नोंद झाल्यापासून वर्षभरच चालतो, त्यानंतर सगळे पहिल्यापासून करावे लागते : डोळ्यांची तपासणी, शिकाऊ परवानगी, धोक्यांविषयीचे दोन भागांतले प्रशिक्षण, ज्यातला दुसरा भाग निसरड्या धावपट्टीवर असतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी परीक्षेत ७० प्रश्न असतात, त्यांतले ६५ गुणांसाठी धरतात आणि ५२ बरोबर यावे लागतात. ती इंग्रजीतही देता येते. हेमसेसारख्या गावी गाडीवाचून अडते, त्यामुळे ही सुरुवात पहिल्या हिवाळ्यातच करावी. नवऱ्याचे सगळे टप्पे झाले आहेत. माझी लेखी परीक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसबीला आहे.